टेनामेंटच्या मागचं बडोदं

पुण्याहून फोन आला की ठरलेला प्रश्न येतो, "बडोद्याला येऊन बघायचं काय?" मी लक्ष्मीविलास पॅलेस सांगते, रविवर्म्याची चित्रं सांगते, नवरात्रातला गरबा सांगते. विश्वामित्रीतल्या मगरींचा विषय निघाला की पलीकडची मुलं आजच तिकिटं काढा म्हणतात. (भर शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरी आहेत आणि पुराच्या दिवसांत त्या रस्त्यावर, कुणाच्या अंगणातही येतात. तिखटमीठ लावून सांगत नाहीये.) मी स्वतः मात्र कॅमेरा घेऊन जाते ती फक्त चोकडीपर्यंत. चोकडी म्हणजे इथल्या टेनामेंटच्या, म्हणजे परस असलेल्या बैठ्या घराच्या, मागची धुण्याभांड्यांची जागा. तिच्यापलीकडे चार पावलांची माती, एक लिंबू, एक कढीपत्ता, जास्वंद आणि कपडे वाळत घालायची तार. आमचं अभयारण्य एवढंच.

सुरुवात नाइलाजाने झाली. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला इथली सपाटी खायला उठते. डोंगर बघायचा तर पावागड, तोही पन्नासेक किलोमीटरवर, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेल्यावर तिकडे कोण फिरकणार! सकाळी सहा ते आठ एवढाच काय तो फोटोजोगा उजेड. नंतरचं ऊन पानांवरून असं परावर्तित होतं की फोटोत हिरवा रंग उरतच नाही. तेवढ्या वेळात कणीक मळता मळता जिथे पोचता येतं ते मागचं दार.

पण घरच्या फोटोग्राफीत एक मोठी सोय आहे. जंगलात जो दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि पुढे निघायचं. तो काल कुठे होता, उद्या काय करणार, काही पत्ता नाही. परसात तोच जीव रोज भेटतो. त्याची वेळ कळते, बसायची फांदी कळते, आणि कॅमेरा आधीच तिकडे वळवून ठेवता येतो.

लिंबावरची अळीच घ्या. मादी फुलपाखरू कोवळ्या पानावर एकेक करून फिकट पिवळं अंडं घालते, मोहरीहूनही लहान. त्यातून निघालेली अळी काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा. चिमणीने बघितलं तरी ती तोंड फिरवेल. चार वेळा कात टाकली की हीच बया एकदम पोपटी होते, अंगावर तपकिरी पट्टे, खांद्यापाशी खोटे डोळे. गवताच्या काडीने जरा डिवचलं तर डोक्यामागून लालसर नारिंगी, दोन टोकांचं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हा क्षण पकडायला मी मोबाइलवर क्लिपने लावायचं मॅक्रो भिंग वापरते. ते अळीच्या अगदी नाकाशी न्यावं लागतं. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने पान धरायचं, म्हणजे वाऱ्याने हललं तरी दोन्ही बरोबर हलतात. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की उजेड पुरतो.

शेजारच्या बेन कुंपणावरून बघतात आणि कळवळून सांगतात, "ईयळ पडी छे, दवा छांटी दो ने!" औषध मी फवारत नाही. लोणच्याची लिंबं बाजारात मिळतात.

कोष झाला की त्यावर नजर ठेवायची. फुलपाखरू बाहेर यायच्या आदल्या दिवशी तो काळवंडतो आणि आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसू लागते. दुसऱ्या दिवशी पहाटेच हजर राहायचं, कारण बाहेर आल्यावर पंख वाळेपर्यंत त्याला उडता येत नाही. इतका वेळ शांत बसणारं मॉडेल लग्नाच्या फोटोग्राफरलाही मिळत नसेल.

कुंडीसमोर असं बसून राहण्याला मोठी परंपरा आहे, आणि तिचा एक धागा बडोद्यातून जातो. दादासाहेब फाळके 1890 मध्ये इथल्या कलाभवनात आले आणि चित्रकलेबरोबर फोटोग्राफीही इथेच शिकले. पुढे 1912 मध्ये लंडनहून सिनेमाचा कॅमेरा आणला, पण भांडवल नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. 'अंकुराची वाढ' ही मिनिटभराची फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली, पैसा उभा करण्यासाठी. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. कलाभवनाची इमारत आता विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगवाल्यांकडे आहे. तिथून रिक्षाने जाताना मला राजा हरिश्चंद्राआधी वाटाणे आठवतात.

पक्ष्यांसाठी माझी जागा स्वयंपाकघराची खिडकी. डासांची जाळी आड येते म्हणून काढायची गरज नाही. कॅमेऱ्याचं भिंग जाळीला अगदी टेकवायचं, अ‍ॅपर्चर (भिंगातलं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडायचं आणि लांबच्या वस्तूवर फोकस करायचा, जाळी विरून जाते. कपड्यांच्या तारेच्या टोकाला शिंजिराने, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याने, घरटं बांधलं ते मी असंच पाहिलं. बांधकाम सगळं मादीचं. गवत, सालीचे तुकडे, कोळ्याची जाळी असं आणून लोंबती पिशवी विणली, बाजूला दार आणि दारावर पावसाळी छज्जा. अंडी उबवायलाही तीच. नर उन्हात जांभळा-निळा चमकत समोरच्या जास्वंदीवर नुसता गातो. (यावर आमच्या घरात जी चर्चा झाली ती इथे देत नाही.) पिल्लं झाल्यावर मात्र तोही चारा आणतो. त्या काळात कपडे गच्चीत वाळले आणि कॅमेरा खिडकीच्या बाहेर गेला नाही. घरट्यात डोकावून काढलेले फोटो मला बघवत नाहीत. पक्षी घरटं सोडून जाऊ शकतो, आणि कावळा आपल्यामागून येऊन जागा हेरतो ते वेगळंच.

गुजरातेत पाखरांना दाणे घालणं म्हणजे पुण्यकर्म. जुन्या वस्त्यांतून त्यासाठी चबुतरे आहेत, नक्षीदार, बघत राहावेत असे. तरी मी दाणे घालत नाही, कारण सगळे पारवेच खातात आणि बाकीचे फिरकेनासे होतात. मातीच्या पसरट कुंड्यात पाणी ठेवते. त्यावर बुलबुल, सातभाई, शिंपी सगळे येतात, आणि मे महिन्यात भर दुपारी खारसुद्धा.

उत्तरायणाचे, म्हणजे आपल्या संक्रांतीचे, दिवस मात्र वाईट. तेव्हा गच्चीगच्चीवर पतंग आणि आकाशभर मांजा. इथे टाक्यांवर, टॉवरवर संध्याकाळी काळे शराटी पक्षी उतरतात, डोक्यावर लाल टोपी घातलेले, बेसूर ओरडणारे, मोठ्या अंगाचे. त्यांना मांजा चुकवता येत नाही. जानेवारीत ठिकठिकाणी जखमी पक्ष्यांसाठी केंद्रं उघडतात. आमच्या लिंबात अडकलेला मांजा काढून, तुकडे करून कचऱ्यात टाकायचं काम मी तेव्हा फोटोंच्या आधी करते.

फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची जगभर चार दिवस गणना असते. भारतात ती 2013 पासून चालते. किमान पंधरा मिनिटं बसायचं, दिसले ते मोजायचे आणि ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे. चहाचा कप घेऊन करता येण्यासारखं काम आहे. आणि तोवर एक करा. दक्षिणेकडच्या खारीच्या पाठीवर तीन पट्टे असतात, उत्तरेकडच्या पाच, कडेचे दोन जरा पुसट. आमच्याकडची पाच पट्ट्यांची आहे, फोटो मोठा करून मोजलेत. महाराष्ट्र मधोमध, तिथे दोन्ही सापडतात. तुमच्या गॅलरीत कोणती येते, तेवढं फोटोसकट कळवा.