बेल्स बीचवर एक दिवस: सर्फिंगची स्पर्धा बघायला जाणाऱ्यांसाठी

मेलबर्नहून ग्रेट ओशन रोडला निघालेली बहुतेक मराठी कुटुंबं टॉर्केला कॉफीपुरती थांबतात आणि पुढे ट्वेल्व्ह अपॉसल्स या समुद्रातल्या सुळक्यांकडे रवाना होतात. टॉर्केपासून गाडीने जेमतेम दहा मिनिटांवर बेल्स बीच आहे. ईस्टरच्या सुमाराला तिथे जगातले अव्वल सर्फर पाण्यात उतरतात, हे अनेकांच्या गावीही नसतं. इथली पहिली स्पर्धा १९६२ च्या जानेवारीत झाली, पुढच्या वर्षी ती ईस्टरला सरकली आणि १९७३ पासून रिप कर्ल या सर्फिंगचं सामान बनवणाऱ्या कंपनीच्या पाठबळावर व्यावसायिक झाली. इतकी जुनी आणि अजूनही सुरू असलेली सर्फिंग स्पर्धा दुसरी नाही. एक सांगून ठेवतो: बेल्स आणि अपॉसल्स एकाच दिवसात कोंबू नका. किनाऱ्याच्या रस्त्याने टॉर्केहून अपॉसल्सला नुसतं पोचायलाच तीन तास जातात.

पहिली अडचण तारखेची. क्रिकेटचं तिकीट काढलं की सामना त्याच दिवशी होतो. इथे तसं नाही. स्पर्धेसाठी साधारण अकरा दिवस राखून ठेवलेले असतात आणि त्यातले चार-पाच चांगल्या लाटांचे दिवस वापरले जातात. रोज सकाळी सातच्या सुमाराला आयोजक समुद्र बघून निर्णय देतात: ‘ऑन’, ‘ऑफ’ किंवा ‘स्टँडबाय’, म्हणजे तास-दोन तासांनी पुन्हा बघू. ‘शनिवारी सुट्टी आहे, शनिवारी जाऊ’ या हिशेबाने गेलेला माणूस निम्म्या वेळा रिकामा समुद्र बघून परततो. लांबून येणार असाल तर सलग तीन दिवस हाताशी ठेवा. मेलबर्नमध्येच राहत असाल तर रजेचा एक दिवस मोकळा ठेवा आणि तो हवामानाच्या अंदाजावरून ठरवा.

अंदाजात चार गोष्टी बघायच्या. स्वेल, म्हणजे लांबून चालत आलेल्या लाटांचा लोट, दक्षिण महासागरातल्या वादळांतून नैऋत्येकडून येतो. त्याच्या उंचीइतकाच दोन लाटांमधल्या सेकंदांचा आकडा महत्त्वाचा. दोन मीटर आणि चौदा-पंधरा सेकंद म्हणजे लांबून आलेली, ताकदीची, रांगेत येणारी लाट. तेच दोन मीटर पण आठ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने घुसळलेलं पाणी, त्यात स्पर्धा होत नाही. तिसरी गोष्ट वारा. किनाऱ्याचं तोंड आग्नेयेला असल्यामुळे वायव्येचा वारा इथे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, पडतो. तो लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो आणि तिला क्षणभर जास्त उभी धरतो. घोळ असा की स्वेल घेऊन येणारी थंड हवेची लाट पुढे सरकली की वारा वायव्येहून नैऋत्येला फिरतो आणि तासाभरात पाणी विस्कटतं. म्हणून ‘सकाळी वायव्य, दुपारी बदल’ असा अंदाज दिसला की समजायचं, खेळ सकाळीच आहे. दुपारी बाराला निघून काही हाती लागणार नाही. चौथी गोष्ट भरती-ओहोटी, तिच्याकडे पुढे येतो.

घड्याळाचीही एक गंमत आहे. व्हिक्टोरियात एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात आणि स्पर्धा बऱ्याचदा याच दिवसांत असते. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ बदलेलच असं नाही. भारतातून थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांनाही हे लक्षात ठेवावं लागतं: त्या रविवारपर्यंत फरक साडेपाच तासांचा, नंतर साडेचार तासांचा. सकाळी सातचा निर्णय आपल्याकडे आधी रात्री दीडला कळतो, नंतर अडीचला.

मेलबर्नपासून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. वेस्ट गेट ब्रिज, एम-१ फ्रीवे, जिलाँगचा रिंग रोड, मग सर्फ कोस्ट हायवेने टॉर्के. गाव ओलांडून ग्रेट ओशन रोडवर थोडं पुढे गेलं की डावीकडे बेल्स बुलेव्हार्डचा फाटा. एरवी दीड तास पुरतो. ईस्टरच्या सुट्टीत मात्र याच रस्त्यावर सगळं मेलबर्न असतं, तेव्हा पहाटे पाचला निघालेलं बरं. पार्किंग गवताळ मैदानात, तिथून चालत जायचं. पाऊस झालेला असेल तर मैदानात चिखल होतो, म्हणून स्लिपर नको, बूट घाला. प्रवेश, पार्किंग आणि टॉर्केहून सुटणारी शटल बस यांची व्यवस्था दरवर्षी बदलते. आयोजकांच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री बघून घ्या.

गाडी नसेल तर मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून व्ही-लाइनची रेल्वेगाडी जिलाँगला तासाभरात सोडते. मायकी हे प्रवासाचं कार्ड चालतं, आणि मार्च २०२३ च्या शेवटापासून दिवसभराच्या भाड्याला मेलबर्न शहराइतकीच कमाल मर्यादा आहे. जिलाँग स्टेशनवरून टॉर्केला बस आहे. खरी अडचण टॉर्के ते बेल्स या शेवटच्या टप्प्याची. शटल नसेल तर टॅक्सी किंवा किनाऱ्यावरची पायवाट. टॉर्केशेजारच्या जान जुकहून कड्याच्या कडेकडेने जाणारी सर्फ कोस्ट वॉक थेट बेल्सला नेते. वाट सुंदर आहे, पण पहिल्या हीटला, म्हणजे पहिल्या लढतीला, पोचायचं तर अंधारात निघावं लागेल. मुक्कामासाठी टॉर्के आणि जान जुक शाळांच्या सुट्टीमुळे महिनोन्‌महिने आधी भरतात. जिलाँगमध्ये राहणं स्वस्त पडतं आणि गाडीने अर्ध्या तासाचाच फरक आहे.

खाण्याचं सामान गुरुवारीच घ्या. गुड फ्रायडेला व्हिक्टोरियातली मोठी दुकानं बंद असतात आणि उघड्या कॅफेत सुट्टीचा अधिभार लागतो. मैदानावर खाण्याचे स्टॉल असतात, पण रांगा लांब. थर्मासमध्ये चहा आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळी-भाजी असेल तर दिवस निभावतो. कपडे थरांचे घाला: एप्रिलमध्ये कमाल तापमान विशीच्या आसपास असलं तरी कड्यावर वारा हाडात शिरतो, आणि ऊन आलं की त्वचा भाजतेही. सनस्क्रीन, टोपी, वारा अडवणारं जाकीट तिन्ही हवं. छत्री न्याल तर ती उडेल आणि मागच्याचं दृश्यही अडवेल.

आता लाटा फुटण्याच्या तीन जागा. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे रिंकन, समोर बोल आणि डावीकडे टेकाडापलीकडे विंकीपॉप. तिन्हीकडे लाट राईट-हँडर, म्हणजे सर्फर स्वतःच्या उजवीकडे जातो आणि आपल्याला तो उजवीकडून डावीकडे येताना दिसतो. लाट लहान आणि भरती असेल तर रिंकनला जास्त लाटा मिळतात. स्वेल मोठा झाला की खेळ बोलकडे सरकतो, तिथे लाट अचानक उभी राहते आणि मोठे वळसे तिथेच घेतले जातात. विंकीपॉप अधिक वेगवान, तिला पाणी कमी असलेलं मानवतं. आयोजक कधीकधी पूर्ण दिवस विंकीपॉपला हलवतात. हे न बघता बोलसमोर चटई टाकून बसलेले लोक हमखास दिसतात. सकाळचा निर्णय ऐकताना ‘ऑन’च्या पुढे जागा कोणती, तेही ऐका.

बघायला सर्वांत चांगली जागा कड्यावरची, पायऱ्यांच्या आसपासची. तिथून लाटांची रांग क्षितिजावर दिसायला लागते आणि कोणती लाट कोण घेणार याचा अंदाज बांधता येतो. खाली वाळूवर वायव्येचा वारा लागत नाही आणि फेसाचा आवाज अंगावर येतो, पण समोरची लाट मागचीला झाकते. शिवाय भरतीला वाळू अरुंद होते, सामान भिजतं. कड्याच्या अगदी पायथ्याशी टेकून बसू नका, हा खडक ठिसूळ आहे आणि तुकडे पडतात. वरच्या काठावरही कुंपणाच्या आतच राहा. सकाळी ऊन डावीकडून डोळ्यांत येतं आणि पाणी चकाकतं, तेव्हा पोलराइज्ड चष्मा लागतो. दुपारनंतर ऊन पाठीशी जातं. दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरे. दहापटीची हातात थरथरते. फोटो काढायचे तर ४०० मिलिमीटरच्या खालची लेन्स निराश करते. डावा पाय पुढे ठेवणारा सर्फर इथे लाटेकडे तोंड करून असतो, म्हणजे आपल्याला त्याची पाठ दिसते. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांना सर्फिंगमध्ये गूफी म्हणतात. त्यांचा चेहरा समोर येतो, फोटो त्यांचेच छान येतात.

गुणांचं गणित कळलं नाही तर हा खेळ तासाभरात कंटाळवाणा होतो, म्हणून ते नीट समजून घ्या. पाच जज प्रत्येक लाटेला शून्य ते दहा गुण देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा काढून टाकतात, उरलेल्या तिघांची सरासरी धरतात. ७.५, ७.८, ८.०, ८.०, ८.५ मिळाले तर गुण ७.९३. हीट साधारण तीस-पस्तीस मिनिटांची, सर्फर बऱ्याच लाटा घेऊ शकतो, पण सर्वोत्तम दोनच मोजतात. म्हणून वीसपैकी. एकाचे ८.०० आणि ६.५० मिळून १४.५० झाले आणि दुसऱ्याची उत्तम लाट ६.८० ची असेल, तर त्याला ७.७० हून जास्तीची लाट हवी. हा हवा असलेला आकडा पडद्यावर झळकतो, नजर तिथे ठेवा. एका लाटेत दहा मिळूनही पुरणार नाहीत अशी अवस्था आली की समालोचक ‘कॉम्बो’ म्हणतात, म्हणजे आता दोन्ही लाटा नव्याने लागणार. जज बघतात ते धाडस आणि अवघडपणा, नावीन्य, विविधता, वेग, ताकद आणि ओघ. बेल्सला ताकद आणि ओघ यांचं पारडं जड असतं, कारण लाट लांब आणि भरदार. लाटेच्या पोकळ नळीत शिरण्याचे प्रसंग इथे क्वचित. किनाऱ्याजवळ लाट धाडकन बंद होते, त्या शेवटच्या तुकड्यावरचा फटका मारून उभं राहणं किंवा पडणं यात दीड-दोन गुणांचा फरक होतो. लाट संपली असं समजून मान वळवू नका.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट प्रायॉरिटी. ज्याच्याकडे ती असते त्याला हवी ती लाट घेण्याचा पहिला हक्क. दुसरा आडवा आला तर त्याचे गुण कापले जातात. लाट घेतली की हक्क जातो, आणि लाटेसाठी वल्हवून ती हुकली तरीही जातो. म्हणूनच कसलेले सर्फर चांगल्या दिसणाऱ्या लाटाही सोडून देतात आणि नवखा प्रेक्षक ‘हा बसलाय का?’ असं विचारतो. शेवटच्या पाच मिनिटांत आघाडीवरचा सर्फर प्रायॉरिटी धरून प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी नुसता चिकटून राहतो, त्याने लाटेकडे वळताच स्वतः ती घेतो. हे चुकवू नका, खरा डाव तिथेच आहे. हक्क कोणाचा ते जर्सीच्या रंगाच्या खुणेवरून मनोऱ्यावर आणि पडद्यावर दिसतं. लाटा भरपूर असतील तर दोन हीट एकमेकींवर चढवून चालवतात, पाण्यात चार रंग दिसतात. आधी सुरू झालेल्या जोडीचा हक्क वरचढ, एवढं धरून चाला.

फोनवरचं प्रक्षेपण प्रत्यक्षापेक्षा मागे असतं आणि गर्दीत नेटवर्कही दमतं. लाउडस्पीकरवरचं समालोचन पुरेसं आहे. पॉवर बँक मात्र न्या. स्वच्छतागृहाची रांग हीट संपल्याच्या भोंग्याबरोबर फुगते. मधल्या शांततेत जाऊन या, पण स्वेल लांब पल्ल्याचा असेल तर दहा मिनिटांच्या शांततेनंतर एकदम चार-पाच मोठ्या लाटा येतात, हेही धरून ठेवा.

आवडता सर्फर बघायचा तर अंतिम दिवसाची वाट बघण्यात धोका आहे. २०२६ च्या हंगामापासून पुरुष सर्फर ३६ आणि महिला २४ (आधी १८) आहेत, आणि सुरुवातीच्या फेरीत हरल्यावर मिळणारी दुसरी संधी गेली. मोठी नावं पहिल्याच दिवशी घरी जाऊ शकतात. जवळून बघायचं तर सर्वांत चांगली वेळ पहिल्या हीटच्या आधीचा तास. बरेच जण तेव्हा सरावाला पाण्यात असतात आणि पायऱ्यांवरून ये-जा करतात. मुलांना सही हवी असेल तर तेव्हा, किंवा जिंकून वर येणाऱ्याची मुलाखत संपल्यावर. हरलेल्याला वाट मोकळी द्यावी.

‘ऑफ’चा दिवस पदरी पडला तरी हळहळू नका. असे दिवस व्यावसायिक सर्फर बहुधा विंकीपॉपला किंवा जान जुकला मोकळेपणी काढतात, आणि तेव्हा ना गर्दी ना कुंपणं. टॉर्केतलं ऑस्ट्रेलियन नॅशनल सर्फिंग म्युझियम दोन तासांचं काम आहे. रिप कर्ल आणि क्विकसिल्व्हर दोन्ही कंपन्या १९६९ मध्ये याच गावात सुरू झाल्या. म्युझियममध्ये जुने सर्फबोर्ड बघताना त्यांच्या खालच्या पंखांकडे (फिन) लक्ष द्या. सायमन अँडरसनने १९८१ मध्ये बेल्सच्या राक्षसी लाटांत तीन पंखांच्या बोर्डवर जिंकून दाखवलं आणि आज स्पर्धेत दिसणारे जवळजवळ सगळे बोर्ड त्याच रचनेचे आहेत.

अंतिम सामना संपला की विजेता मंचावर घंटा वाजवतो आणि ती घंटाच करंडक. हा समारंभ बघायचा तर परतीचा विचार आधी करून ठेवा, कारण तो आटोपताच हजारो गाड्या एकाच अरुंद रस्त्यावर येतात. तासभर टॉर्केत जेवून निघणं शहाणपणाचं. संधिप्रकाशात बेल्स बुलेव्हार्डवर कांगारू आडवे येतात, वेग कमी ठेवा. आणि बसने जाणार असाल तर टॉर्केहून जिलाँगची शेवटची बस सकाळीच फोनमध्ये टिपून घ्या. सुट्टीच्या दिवशी वेळापत्रक वेगळं असू शकतं आणि ती अपेक्षेपेक्षा लवकर सुटू शकते.