लाल बटूंच्या गर्दीतले कोवळे तारे

सूर्याच्या आसपासच्या लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड ताऱ्यांतले तरुण तारे हुडकायचं काम माझ्याकडे होतं. पहिली यादी ताऱ्यांची अंतरं आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या 2022च्या माहितीतून काढली. रंगाच्या मानाने जास्तच तेजस्वी असतील ते तारे घेतले, कारण कोवळा तारा अजून आकुंचन पावत असतो आणि आकाराने मोठा असतो. पण जोडतारेही असेच उजळ दिसतात. त्यामुळे ही यादी म्हणजे नुसता संशय.

मग वर्णपट, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश तरंगलांबीनुसार पसरून पाहणं. 6563 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) इथे हायड्रोजनची उत्सर्जन रेषा बऱ्याच ताऱ्यांत ठसठशीत होती. तिला मी फार भाव दिला नाही. ती चुंबकीय धुमाकुळातून येते, आणि लहान लाल बटूंचा हा धुमाकूळ अब्जावधी वर्षं चालतो. 6708वरची लिथियमची शोषण रेषा जास्त भरवशाची. गाभा पंचवीस-तीस लाख केल्व्हिनपर्यंत तापला की लिथियम जळतं, आणि हे तारे बहुधा आतून-बाहेरून ढवळत असल्याने पृष्ठभागावरचंही संपतं. लाल बटूत ती रेषा दिसली म्हणजे तारा कोवळाच. नाही दिसली तर मात्र हात टेकायचे: बीटा पिक्टोरिस हा एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा गट जेमतेम 2.4 कोटी वर्षांचा, तरी त्यातल्या कित्येक लाल बटूंचं लिथियम केव्हाच संपलंय!

अशांसाठी 8183 आणि 8195वरची सोडियमची जोडी कामी आली. फुगलेल्या ताऱ्याचं पृष्ठीय गुरुत्व कमी, म्हणून ही जोडी फिकी. त्याच वर्णप्रकारच्या, म्हणजे साधारण तेवढ्याच तापमानाच्या, म्हाताऱ्या ताऱ्याचा वर्णपट खाली ठेवला की फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.

खरा निकाल गतीचा. एकाच ढगातून जन्मलेले तारे पांगले तरी जवळपास एकाच वेगाने, एकाच दिशेने जात राहतात. अंतर आणि आकाशावरची निजगती गाया देतो. आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग अंधुक ताऱ्यांसाठी बहुधा स्वतःच रेषांच्या सरकण्यावरून काढावा लागतो. हे सगळं बॅनियन सिग्मा या प्रोग्रॅममध्ये घातलं की तारा कुठल्या गटातला असण्याची शक्यता किती, ते समजतं. वेग घालण्याआधी एका गटात चपखल बसणारे काही तारे वेग घातल्यावर सरळ बाहेर पडले.

एका ताऱ्याने मात्र डोकं खाल्लं. हायड्रोजनची रेषा जबरदस्त, लिथियम नाही, आणि वेग दर वेळी वेगळा. जवळचा जोडीदार निघाला. एकमेकांच्या भरती-ओहोटीसारख्या ओढीने असे तारे म्हातारपणीही गरगर फिरतात आणि तरुणासारखे वागतात. पूर्ण कक्षा मोजून जोडीचा सरासरी वेग हाती येईपर्यंत त्याला कुठल्याच गटात घालता येत नाही.