काकू, डावा हात काय करून राह्यला?

"काकू, पेटी येते न तुम्हाले, मंग हे लॅपटॉपसमोर काय टुकटुक करून राह्यल्या?" नागपुरात खामल्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात हा प्रश्न ठरलेला. भाजीच्या ठेल्यापाशीही ऐकलाय. त्याच्या पोटात दुसरा असतो: असं इंटरनेटवर पियानो खरंच शिकता येतो का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी बसले ती डाव्या हातासाठी.

तीसेक वर्षं पेटी वाजवली. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. उजव्यानं अलंकार, भजनं, भावगीतं सगळं केलं. डाव्यानं नुसती हवा घातली. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा 61 पट्ट्यांचा कीबोर्ड मागे राहिला. त्याला भाताच नाही. डावा हात आपला रिटायर माणसासारखा मांडीवर बसून.

मग मुलीनंच ते वेब ॲप दाखवलं. इन्स्टॉल काही करायचं नाही, ब्राउझरमध्ये उघडायचं. कीबोर्ड यूएसबी वायरनं जोडला की कोणती पट्टी दाबली ते त्याला कळतं. (फोनवर जमलं नाही. ब्राउझरला मिडीची, म्हणजे कोणती पट्टी दाबली ते वायरीतून कळण्याची, सोय लागते. लॅपटॉपवर क्रोममध्ये लगेच चाललं.) पडद्यावर कॉर्डचं, म्हणजे एकदम दाबायच्या सुरांचं, नाव येतं, "एफ मायनर". बरोबर वाजवलं की हिरवं, चुकलं की लाल.

ज्याला सरगम येते त्याला कॉर्ड पाच मिनिटांत कळते. सा-ग-प एकदम दाबा, मेजर. ग कोमल करा, मायनर. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून 'सा'पासून शुद्ध ग चार पट्ट्या वर, तिथून प तीन. मायनरमध्ये आधी तीन, मग चार. सा म्हणून काळी एक धरा नाहीतर पांढरी चार, हिशोब तोच. पहिला आठवडा मी फार खुशीत होते.

पुढच्या धड्यात अडले. "सी मेजरमधली पाचवी कॉर्ड वाजवा." सी म्हणजे पांढरी एक, तिथून पाचवी जी, आपली पांढरी पाच. मी सवयीनं पांढऱ्या पाचला सा मानलं आणि सा-ग-प वाजवलं. हिरवं आलं. पण मनातला सा सरकला होता, त्यामुळे परत सीवर आले तरी घरी आल्यासारखं वाटेना. दोन दिवस डोकं खाल्लं त्यानं. मग उमगलं की जी माहेरी सा-ग-प असेल, सीच्या घरी ती प-नी-रे आहे. बाई तीच, नाती बदलली. तिच्यातला नी 'सा'कडे ओढ घेतो, म्हणून तर परतावंसं वाटतं. गाताना सा धरून ठेवायला तानपुरा असतो. इथं तो मनात लावून बसावं लागतं. ॲपला यातलं काही कळलं नाही. त्याच्या लेखी दोन्ही वेळा हिरवंच.

तसंच इन्व्हर्जनचं, म्हणजे कॉर्डचे तेच सूर खालीवर क्रम बदलून वाजवायचं. धडा होता, नी-रे-प पाठ करून मी मार्कही मिळवले होते. तरी सीवरून जीला जाताना अख्खा हात उचलून पलीकडे नेत होते आणि रात्री मनगट चोळत बसत होते. एकदा कंटाळून अंगठा 'प'वरून उचललाच नाही. करंगळी सा सोडून एक पट्टी खाली नीवर, गच्या जागी रे. झाली जी! इन्व्हर्जन कशासाठी असतं ते मला मनगटानं शिकवलं.

कान तयार करायचे धडे मात्र मे महिन्यात बंद. नागपुरात कूलर बंद करून कोण बसेल? त्याच्या पंपाची घुरघुर 100 हर्ट्झच्या आसपास, वीज 50 हर्ट्झची आणि घुरघुर तिच्या दुप्पट म्हणून. खर्जातली पांढरी पाच 98 ची. म्हणजे दिवसभर कानाशी जरा चढलेली पांढरी पाच, आणि त्यात मेजर-मायनर ओळखायचं!

इथल्या महाल भागातल्या एक मावशी म्हणतात, हे परकं वाद्य कशाला? मावशी, पेटी तरी कुठं आपली होती? युरोपातूनच आली. ऑल इंडिया रेडिओनं तिला 1940 पासून 1971 पर्यंत दाराबाहेर ठेवलं, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून.

तर, शिकता येतं का? थोडं गाता येत असेल, सा धरता येत असेल, तर खुशाल बसा. नसेल, तर तो टायपिंगचा क्लास होईल. बोटं पळतील, कानात काही राहणार नाही. आधी दोन महिने कुणाकडे तरी सरगम गिरवा, मग ॲप उघडा.

एक तोटा सांगायचा राहिला. गेल्या गुरुवारी भजनी मंडळात पेटी घेऊन बसले. पाचवी कॉर्ड यायला हवी अशी जागा आली आणि भात्यावरच डाव्या हाताची बोटं पसरली, अंगठा 'प'वर, करंगळी 'नी'वर. भाता तिथंच थांबला. सूर बसत चालला तशा सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "काकू, हवा!"