भाच्याची शाळेतली जन्मतारीख आम्ही कशी दुरुस्त केली

माझा भाचा हडपसरला माझ्याकडे राहून नववीत शिकतो. त्याचा जन्म फेब्रुवारी 2012 चा. शाळेच्या दाखल्यावर मात्र 1 जून 2011. अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक) काढताना आधार आणि शाळेची नोंद जुळेना, तेव्हा शाळेतून बोलावणं आलं.

मागची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. 2017 च्या जूनमध्ये पोर सव्वापाच वर्षांचं होतं, पहिलीसाठी वय कमी पडत होतं. 'कशाला वर्ष वाया घालवायचं,' असं आबांचं म्हणणं. जन्माचा दाखला नसला तरी मुलाच्या वयाबद्दल पालकांनी दिलेल्या घोषणापत्रावर त्याला दाखल करून घेतात, ती सोय गरजू मुलांसाठी आहे. आबांनी दादाला, म्हणजे माझ्या भावाला, भाच्याच्या वडिलांना, तिथं वाढवलेल्या वयावर सही करायला लावली.

त्या एका वर्षाची किंमत पोरानं मोजली. पहिलीत त्याला पेन्सिल नीट धरता येत नव्हती, दुसरीत वाचता येईना म्हणून 'ढ' म्हणून मागं बसवलं. ते ढ नव्हतं हो, लहान होतं! यंदा तर चौदा वर्षांखालच्या कबड्डी संघातून कागदावरच्या वयामुळे नाव गेलं. खऱ्या तारखेनं तो त्या गटात बसत होता. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि मी ठरवलं की हे आता निस्तरायचंच.

'आधारच बदलून घ्या, लवकर होईल,' असा सल्ला दोघातिघांनी दिला. मला तो अजिबात पटला नाही. खोट्या तारखेसाठी खरा कागद का बिघडवायचा? शिवाय आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते.

पहिलं काम म्हणजे पुराव्याचं. पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीतून जन्मदाखल्याची नवी प्रत घेतली. लसीकरणाचं कार्ड वहिनीनं जपून ठेवलं होतं. अंगणवाडीच्या रजिस्टरातही खरीच तारीख निघाली. सगळ्यात जास्त वेळ गेला तो पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा (मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीचा) उतारा मिळवण्यात, कारण जुनी रजिस्टरं कपाटात तळाशी होती आणि गुरुजी बदलून गेलेले. चुकीची नोंद जिथं पहिल्यांदा झाली, तिथला उतारा मुख्याध्यापक मागतातच.

खरी अडचण दादाची होती. 'खोटं लिहून दिलं म्हणून माझ्यावर काही आलं तर?' तो सहीच करेना. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या वकीलबाईंनी त्याला समजावलं की आडवळणाचं काही लिहू नका, झालं ते सरळ मांडा. त्याप्रमाणे प्रतिज्ञापत्र झालं: दाखल करताना तारीख चुकीची सांगितली, खरी तारीख जन्मदाखल्यावरची.

मग शाळेकडे अर्ज, सोबत हे सगळं. मुख्याध्यापकांनी प्रस्ताव करून जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला. तिथल्या बाईंनी दादाला थेट विचारलं, 'मग पहिलीत बसला कसा?' दादा म्हणाला, 'मॅडम, आम्हीच वय वाढवून सांगितलं.' त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुढचा कागद मागितला. एक त्रुटी निघाली: जन्मदाखल्यावर आईचं नाव अपुरं. ते ग्रामपंचायतीतून पूर्ण करून आणलं.

मंजुरीचा आदेश आल्यावर शाळेनं रजिस्टरात लाल शाईनं दुरुस्ती केली, आदेशाचा क्रमांक लिहिला, आणि ऑनलाइन नोंदही बदलली.

कोणाच्या घरी असं असेल तर दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी हात घाला. मूल शाळेत आहे तोवर ही दुरुस्ती शाळेमार्फत होते. शाळा सोडल्यावर नियम फार कडक आहेत. आदेशाच्या साक्षांकित प्रती दोन-तीन जास्त घ्या. आमच्याकडे पहिल्या शाळेच्या जुन्या दाखल्यावर अजून 2011 च आहे, त्यामुळे आदेशाची प्रत त्यालाच टाचून ठेवली आहे.