एलानचा डिस्ट्रिब्युटर कार्ब्युरेटरखालून हटवताना

लोटस एलान या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडलं की बहुतेक गाड्यांत आधी दिसतात दोन वेबर ४० डीसीओई कार्ब्युरेटर. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग, शोधावा लागतो, कारण तो त्यांच्याच खाली दडलेला असतो. फोर्डच्या ब्लॉकवर लोटसने ट्विन कॅम (दोन कॅमशाफ्टचं) हेड चढवलं, पण डिस्ट्रिब्युटर जुन्याच जागी राहिला. कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई अडकली की पेट्रोल नेमकं ठिणगीच्या डोक्यावर ठिबकतं. त्यात बॉडी फायबरग्लासची, पेटली की पेटलीच.

नुसती कॉइल हलवून भागत नाही. ठिणगी पाडणारे पॉइंट आणि ती वाटणारा रोटर डिस्ट्रिब्युटरमध्ये तिथेच राहतात. डिस्ट्रिब्युटरच काढायचा आणि फोर्डची ईडीआयएस-४ ही डिस्ट्रिब्युटरशिवाय ठिणगी देणारी प्रणाली मेगाजोल्टसह (ठिणगीची वेळ ठरवणारा कंट्रोलर) बसवायची. कॉइल पॅक कार्ब्युरेटरपासून लांब, एक्झॉस्टच्या उष्णतेपासूनही दूर लावा.

क्रँक पुलीवर ३६ दातांच्या जागांचं, एक दात गाळलेलं चाक लागतं. पहिला सिलिंडर टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या स्थितीच्या) ९० अंश अलीकडे असताना गाळलेल्या दाताची जागा दात ओळखणाऱ्या सेन्सरसमोर यायला हवी. फट सुमारे १ मिमी. चाक लंगडत फिरलं तर फट बदलत राहते आणि वरच्या आरपीएमला मिसफायर होतं. सेन्सरचं ब्रॅकेट जाड पोलादाचं करा. ते थरथरलं तर टायमिंगही (ठिणगीची वेळ) थरथरतं. इंजिनचं पुढचं कव्हर ॲल्युमिनियमचं आहे, बोल्ट जपून आवळा. सेन्सरची वायर शील्डेड हवी आणि एचटी (प्लगला जाणाऱ्या उच्च दाबाच्या) वायरींपासून लांब. तिची दोन टोकं उलटी जोडली गेली तर टायमिंग भरकटतं. कॉइल पॅकवर सिलिंडरच्या १-४ आणि २-३ अशा जोड्या. मेगाजोल्टचा सिग्नल तुटला तरी ईडीआयएस टीडीसीच्या १० अंश आधी ठिणगी देत इंजिन चालू ठेवतं, म्हणजे घरी पोचता येतं.

डिस्ट्रिब्युटर काढल्यावर ब्लॉकमध्ये उरलेलं भोक ओ-रिंग असलेल्या प्लगने बंद करा, नाहीतर तिथून ऑइल बाहेर येईल. ऑइल पंपाला स्वतःचा गिअर आहे, त्याला धक्का लागत नाही.

दोन गोष्टी हमखास विसरतात. मूळ रोटर ६५०० आरपीएमच्या आसपास ठिणगी तोडायचा. ती मर्यादा आता मेगाजोल्टमध्ये घाला. आणि जुना स्मिथ्स टॅकोमीटर कॉइलचा करंट मोजतो, तो मुका होतो. आतलं सर्किट बदलून घ्या.

एवढं करूनही गळती तशीच सोडली तर काय उपयोग? कार्ब्युरेटर मऊ ओ-रिंगांवर तरंगते ठेवायचे असतात. नट करकचून आवळले की इंजिनच्या थरथरीने फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल फेसाळतं आणि बाहेर सांडतं. बँजोचे (पेट्रोलचा पाइप कार्ब्युरेटरला जोडणाऱ्या बोल्टचे) वॉशर दर वेळी नवे घाला, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल असेल तर जुने रबरी पाइप काढून एसएई जे३० आर९ दर्जाचे बसवा.