व्हेनिसचे तीन दिवस : चाकाची बॅग, अकरा पूल आणि एक मासा

बुकिंगच्या पानावर लिहिलं होतं, "रेल्वे स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं." खोटं म्हणता येणार नाही. रिकाम्या हाताने, रस्ता पाठ असेल तर पोचताही येईल. आम्हाला सव्वा तास लागला.

नवऱ्याचं म्युनिकमधलं काम संपलं होतं आणि भारतात परतायला चार दिवस होते, म्हणून रेल्वेने व्हेनिस गाठायचं ठरलं. सोबत महिनाभराचं सामान, म्हणजे तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. हीच चूक. व्हेनिसमध्ये गाडी, रिक्षा, सायकल काहीच नाही आणि शहरात चारशेहून जास्त पूल आहेत. त्यातले बहुतेक पायऱ्यांचे, कारण खालून नाव जायला हवी म्हणून पूल उंच, कमानीचा. चाकं तिथे शोभेपुरती. स्टेशनवरून निघाल्यावर थोड्याच वेळात कान्नारेजो कालव्यावरचा गुल्ये पूल लागतो, चार टोकांना चार दगडी सुळके असलेला. फोटोत सुंदर दिसतो. नवरा एक बॅग उचलून पलीकडे न्यायचा, मी दुसरीपाशी उभी. मग त्याने परत यायचं तर पलीकडची बॅग कोण बघणार? शेवटी दोघांनी आपापली बॅग पोटाशी धरून चढायचं, दर चार पायऱ्यांनी टेकवायची. आम्ही राजगडावर मुक्कामाची सॅक घेऊन चढलेली माणसं आहोत, पण सॅक पाठीवर असते हो.

त्यात पत्त्याची गंमत. तिथे घराचा नंबर गल्लीचा नसतो, सगळ्या विभागाचा असतो. असे सहा विभाग, आणि प्रत्येकात एकापासून सुरू होऊन काही हजारांपर्यंत सलग आकडे. आमचा नंबर पाच हजारांच्या पुढचा. 5012 च्या शेजारी 5013 असेलच असं नाही, तो वळणापलीकडच्या बोळातही निघतो. गल्ल्यांची नावंही वेगवेगळ्या विभागांत तीच. अरुंद बोळात फोनवरचा निळा ठिपका कालव्याच्या मधोमध जाऊन उभा राहतो. दोनदा आम्ही अशा बोळात शिरलो की शेवटी चार पायऱ्या आणि पुढे पाणी. अकरावा पूल उतरताना माझ्या बॅगेचं एक चाक निखळलं आणि टुणटुणत खाली गेलं. ते मी उचललं नाही.

तेव्हा ऐका. मोठं सामान असेल तर स्टेशनबाहेरच्या धक्क्यावरून व्हापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक बोट, घ्या आणि तुमच्या मुक्कामाजवळच्या धक्क्यावर उतरा. साडेनऊ युरोचं तिकीट बघून आम्ही नाक मुरडलं होतं. पंचाहत्तर मिनिटं चालतं ते. तीन दिवस राहणार असाल तर बहात्तर तासांचा पास 45 युरोला होता, तो पहिल्याच धक्क्यावर घ्या. खोली ठरवताना स्टेशनपासूनचं अंतर विचारू नका, धक्क्यापासून किती पूल ते विचारा. लिफ्टचंही विचारा. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, पुढचं सांगत नाही.

आता मासा. रियाल्तो पुलाजवळ, पाण्याकाठी मेजं मांडलेलं एक हॉटेल. मेनूत भाजलेल्या माशापुढे 9 युरो. नवरा खूश. मी सोळा युरोचा पास्ता सांगितला. बिल आलं 93 युरोचं. नऊ युरो हा भाव शंभर ग्रॅमचा होता, बाजूला बारीक अक्षरात "एट्टो" लिहिलेलं. मासा भरला 640 ग्रॅम, म्हणजे एकट्या माशाचे सत्तावन्न युरो साठ सेंट. वर माणशी तीन युरो "कोपेर्तो", म्हणजे निव्वळ बसल्याचे, बारा टक्के सेवा, आणि पाण्याची बाटली. सगळं मेनूवर छापलेलं, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. माझा नवरा मालवणचा. सासूबाई बाजारात पापलेटाचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय आणि तीनदा भाव पाडल्याशिवाय पैसे काढत नाहीत. बाहेर आल्यावर तो पाच मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "आईक सांगू नको हां."

मासा मागवण्याआधी तो वजन करून आणायला सांगा आणि पूर्ण रक्कम विचारा. किंवा बसूच नका. बाकारो म्हणतात त्या छोट्या वाइन-बारांत काउंटरशी उभं राहून पावाच्या तुकड्यांवरचे चिकेत्ती खा. शाकाहारींना चीज, वांगं, आर्टिचोक मिळतं. आम्ही पुढचे दोन्ही दिवस तेच केलं.

गोंडोला : नाही. ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, संध्याकाळी 110, बोटीचा. पाच जण असाल तर विचार करा. नुसती हौस असेल तर सांता सोफियाजवळ त्रागेत्तो मिळतो. जुन्या गोंडोलासारखीच नाव, दोन युरोत मोठा कालवा ओलांडून मासळीबाजारापाशी सोडते. दोन मिनिटांचा प्रवास, पण फोटो तोच येतो. मासळीबाजार सकाळीच गाठा, रविवार-सोमवार बंद.

वसंत-उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात, 2024 पासून. मुक्कामी असाल तर माफ, पण माफीचा क्यूआर कोड आधी काढून ठेवावा लागतो.

सान मार्कोच्या बासिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, खांदे उघडे चालत नाहीत आणि पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत. शेजारच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, गुडघ्यांसाठी सांगते. तो मूळचा मनोरा 1902 मध्ये कोसळला होता, आताचा 1912 चा. चौकात पायऱ्यांवर बसू नका, दंड होतो. बुरानो बेटावरचा दिवस छान गेला.

शेवटच्या संध्याकाळी सांता मार्गेरीता चौकात एक जुना दगड दिसला. कुठला मासा किमान किती लांबीचा झाल्यावरच विकायचा, ते त्यावर कोरलेलं. नवरा बराच वेळ समोर उभा राहून वाचत होता. मग म्हणाला, "लांबी लिवल्यानी, भाव नाय."