पातळ कातड्यावर कॅचर निभावायचे कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विकेटकीपरला एवढे जाड ग्लोव्ह्ज लागतात, मग एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन बेसबॉलचे कॅचर, म्हणजे तिथले विकेटकीपरच, पातळ कातडी ग्लोव्ह्जवर कसे निभावायचे? खरं तर बरेचसे निभावायचे नाहीत. हात कामातून जायचे. चार्ली बेनेट हा त्या काळचा कॅचर निभावला, म्हणून त्याच्याकडे बघायचं.

1881 पासून पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) पुढची रेष होमपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेपासून, 50 फुटांवर होती, म्हणजे जेमतेम 15 मीटर. आपली खेळपट्टी 20 मीटरची. 1884 मध्ये नॅशनल लीग या तिथल्या व्यावसायिक लीगने खांद्यावरून फेकायची मुभा दिली आणि वेग वाढला. बेसवर कोणी नसेल तर कॅचर लांब मागे उभा राहून टप्प्यावर घेऊ शके. धावपटू आला की बॅटरला चिकटूनच उभं राहायचं, नाहीतर तो बेस चोरणार, म्हणजे फटका नसताना पुढच्या बेसवर पळणार.

खरा घात फाउल टिपचा. चेंडू बॅटची कड चाटतो, शेवटच्या हातभर अंतरात दिशा बदलतो आणि तळव्याऐवजी बोटाच्या टोकावर आदळतो. नख जातं, पेर निखळतं. म्हणून बोटं कधीच चेंडूकडे रोखायची नाहीत: उंच चेंडूला वर, खालच्याला जमिनीकडे, आणि चेंडू बसताक्षणी हात मागे सोडायचे. फेकीचा उजवा हात सैल मुठीत ठेवायचा, चेंडू आला की उघडायचा. कीपिंग केलेल्याला हे नवं नाही. शिवाय हात जपायलाच हवेत, कारण 1891 पर्यंत वाटेल तेव्हा खेळाडू बदलता येत नसे.

चेहऱ्याला जाळीचा मुखवटा 1877 पासून होता. छातीसाठी बेनेटच्या बायकोने कॉर्कच्या पट्ट्या कापडात शिवून दिल्या, अशी गोष्ट सांगतात. जाड मिट, म्हणजे कॅचरचा गादीदार ग्लोव्ह, मात्र 1880 च्या दशकाच्या अखेरीस आला, आणि नडगीचे पॅड तर 1907 मध्ये, रॉजर ब्रेस्नहन या कॅचरच्या पायांवर.

बेनेट 1881 ते 1888 डेट्रॉइटच्या संघाकडून खेळला, मग 1893 पर्यंत बोस्टनच्या. त्याची .256 ही फलंदाजीची सरासरी (दर हजार संधींत 256 हिट) पाहून नाक मुरडणारे आहेत. पण नऊशेहून जास्त सामने त्याने कॅचर म्हणून काढले. माझ्या लेखी त्याचा खरा आकडा हाच.

जानेवारी 1894 मध्ये कॅन्ससमधल्या वेल्सव्हिलला चालू रेल्वेगाडीत चढताना त्याचा पाय घसरला आणि दोन्ही पाय गेले. हात शाबूत राहिले. पुढे तो चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं रंगवायचा. 1896 मध्ये डेट्रॉइटने नवं मैदान बांधून त्याला बेनेट पार्क नाव दिलं. तिथे, आणि पुढे त्याच जागी उभ्या राहिलेल्या नेव्हिन फील्डवर, मोसमाचा पहिला मानाचा चेंडू झेलायला कृत्रिम पायांवर उभा राहायचा तो बेनेटच.